शेजारच्या बाकावर कोण?

कॉम्प्युटर कॉलेजात शिकावा की ऑनलाइन, यावर वाद घालायला सगळेच तयार असतात. पण दोन्हीकडे शिकायला येतं कोण, हे कधी बघितलंय? मी दोन्ही वर्गांत बसले. पब्लिक एकदम वेगळं!

पुण्यात राहून आयटीत नोकरी करणाऱ्याला हल्ली दोन प्रश्न हमखास विचारले जातात. एक, 'फ्लॅट कधी घेतोयस?' आणि दोन, 'अपस्किलिंग काय चाललंय?' पहिल्याचं उत्तर बँकेच्या हातात असतं. दुसऱ्याचं मात्र प्रत्येकाच्या लॅपटॉपमध्ये तयार असतं. कुणी पायथनचा कोर्स लावलाय, कुणी डेटा सायन्सचा, कुणी तर थेट डिग्रीलाच नाव घातलंय. ऑफिसातून आलं की डबा गरम करायचा, लॅपटॉप उघडायचा आणि दीडपट स्पीडवर लेक्चर लावायचं. राजमाचीचा ट्रेक कॅन्सल, कारण असाइनमेंटची डेडलाइन नेमकी रविवारी रात्री!

मीही त्यातलीच. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, सात वर्षं टेस्टिंगमध्ये काढली आणि मग एका ऑनलाइन डिग्रीला ॲडमिशन घेतली. तेव्हापासून मैत्रिणींचा एकच प्रश्न, 'कॉलेजसारखं असतं का गं ते?' म्हणजे शिकवतात कसं, पेपर अवघड असतात का, डिग्रीला किंमत किती. प्रश्न सगळे बरोबर आहेत. पण मला सगळ्यात मोठा फरक दिसला तो शिकवण्यात नाही की सिलॅबसमध्ये नाही. तो बाकांवर दिसला.

साठ जण, एकच साचा?

आमच्या इंजिनिअरिंगच्या वर्गात आम्ही साठ जण. सगळे अठरा ते बावीसच्या मधले. सगळ्यांनी बारावीला क्लास लावलेले, सगळ्यांचा सीईटीचा स्कोअर थोड्याफार फरकाने सारखा. (त्या स्कोअरवरच तर ते कॉलेज मिळतं ना बॉस!) गणपतीला एकाच ट्रॅव्हल्सने घरी जाणारे आणि मेसच्या एकाच आमटीला नावं ठेवणारे. थर्ड इयरला मिनी प्रोजेक्ट आला, तेव्हा निम्म्या वर्गाने 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' केली. का? तर तोपर्यंत आयुष्यात आम्ही जवळून बघितलेली एकुलती एक सिस्टिम म्हणजे कॉलेजची लायब्ररी!

पण वरून एकसारखा दिसणारा हा वर्ग आतून तसा नव्हता. माझी रूममेट नंदुरबार जिल्ह्यातल्या पाड्यावरून आलेली. कीबोर्डला तिचा पहिल्यांदा हात लागला तो फर्स्ट इयरच्या लॅबमध्ये. शेजारच्या खोलीत नाशिकच्या डॉक्टरांची मुलगी, तिच्याकडे आठवीपासून स्वतःचा लॅपटॉप. रात्री दोन वाजता कुणाचा प्रोग्रॅम अडकला की आमचं दार वाजायचं. पॉइंटर समजून घेता घेता मॅगी व्हायची. फायनल इयरला त्याच रूममेटचा कोड आम्हा सगळ्यांपेक्षा स्वच्छ असायचा.

ही सरमिसळ आपोआप झालेली नव्हती, ती नियमांनी घडवून आणलेली होती. राखीव जागा, मुलींसाठी ३० टक्के जागा, स्कॉलरशिप, हॉस्टेल. यातलं एक काढून घ्या, माझी रूममेट वर्गातून गायब! नियम बदलला की वर्ग कसा बदलतो, हे आयआयटीकडे बघून कळतं. २०१६ साली आयआयटीत प्रवेश घेणाऱ्यांमध्ये मुली जेमतेम ८ टक्के होत्या. २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा काढल्या आणि २०२० पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांवर नेलं.

आणखी एक गंमत. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या मध्यावर कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांमध्ये सुमारे ३७ टक्के मुली होत्या. नंतर तो आकडा घसरत गेला आणि २०१०च्या आसपास १८ टक्क्यांवर येऊन ठेपला. आपल्याकडे मात्र कॉम्प्युटर ब्रँचला मुली भरपूर! असं का, याचा अभ्यास रोली वर्मा या संशोधिकेने इथल्या विद्यार्थिनींशी बोलून केला. त्यातून दिसलं ते असं की आपल्या मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना कॉम्प्युटर हे 'मुलांचं' काम वाटतच नाही. ऑफिसात बसून करायचं, पगाराचं आणि मानाचं काम वाटतं. तुमच्याही घरी 'मेकॅनिकल नको गं, कॉम्प्युटर घे' हे वाक्य झालं असेलच की!

शिवाय कॉलेज मुलीला अजून एक गोष्ट देतं, जी कुठल्याही प्रॉस्पेक्टसमध्ये छापलेली नसते. ती म्हणजे चार वर्षं घराबाहेर पडायचं कारण.

काका, ताई आणि दुबईचा दादा

आता ऑनलाइनचा वर्ग बघा. आमच्या बॅचमधल्या मराठी मंडळींनी बारा जणांचा स्टडी ग्रुप केला. सगळ्यात धाकटा एकोणीस वर्षांचा, सगळ्यात मोठे बँकेतले काका, वय चोपन्न. लातूरकडच्या एक नर्सताई. दुबईत बांधकामाच्या साइटवर सेफ्टी बघणारा एक दादा. कणकवलीत मोबाइल रिपेअरिंगचं दुकान चालवणारा एक जण. बोरिवलीच्या एक वहिनी, ज्यांनी मुलं शाळेत जायला लागल्यावर पुन्हा वही उघडली. पहिल्याच मीटिंगला कुणीतरी काकांना 'सर' म्हणालं, तर काका म्हणाले, 'अरे बाळांनो, सर नका म्हणू. इथे मीसुद्धा फर्स्ट इयरच आहे!'

या मंडळींबरोबर शिकताना एक भन्नाट गोष्ट होते. जे कॉलेजात पाठ केलं होतं, ते एकदम खरं वाटायला लागतं. डेटाबेसमध्ये 'ट्रान्झॅक्शन' नावाचा टॉपिक असतो. काम पूर्ण झालं तर सगळं व्हावं, नाहीतर काहीच होऊ नये, अर्धवट राहू नये. इंजिनिअरिंगला मी यावर सहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. काकांनी हे दोन वाक्यांत संपवलं. 'एका खात्यातून पैसे गेले आणि दुसऱ्यात पडले नाहीत, तर संध्याकाळी हिशेब जुळत नाही. आमच्या तरुणपणी अशा फरकापायी आम्ही रात्री दहापर्यंत शाखेत बसलोय.' झालं, आता हा टॉपिक मी जन्मात विसरणार नाही.

दुसरा किस्सा नर्सताईंचा. असाइनमेंट होती हॉस्पिटलसाठी पेशंट नोंदणीचा फॉर्म. मी झकास केला, जन्मतारीख भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही असा. टेस्टर आहे ना मी! ताईंनी बघितला आणि विचारलं, 'ज्या आजींना स्वतःची जन्मतारीख ठाऊक नाही, त्यांना तुमच्या हॉस्पिटलात घेणार नाही का?' मग म्हणाल्या, 'आम्ही अंदाजे वय लिहितो. अपघाताच्या केसला तर नावसुद्धा माहीत नसतं. तुमच्या फॉर्ममध्ये त्यांना जागाच नाही.'

वर्गात वेगवेगळी माणसं का हवीत, याचं यापेक्षा चांगलं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. 'सगळ्यांना संधी' हे तर आहेच. पण बँक, दवाखाना, रेशन, रेल्वे, सगळीकडे आज सॉफ्टवेअर आहे, आणि ते लिहिणारे सगळे जण बावीस वर्षांचे आणि एकाच साच्यातले असले, तर आजींची जागा फॉर्ममधून सुटणारच.

चोवीस विरुद्ध चौतीस

हा नुसता आमच्या ग्रुपचा योगायोग आहे का? नाही. याचा नीट अभ्यास झालाय, आणि तोही अशा ठिकाणी जिथे कॅम्पस आणि ऑनलाइन एकाच छताखाली आहेत.

अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकने जानेवारी २०१४ मध्ये कॉम्प्युटर सायन्सची मास्टर्स पूर्ण ऑनलाइन सुरू केली. कॅम्पसच्याच प्राध्यापकांनी घडवलेला अभ्यासक्रम आणि डिग्रीही तीच. पण कॅम्पसवरच्या डिग्रीचा खर्च त्या वेळी सुमारे ४५ हजार डॉलर सांगितला जायचा, तर ऑनलाइनचा साधारण ७ हजार! साहजिकच चर्चा सुरू झाली की आता कॅम्पसवर जाणार कोण? स्वस्तातली डिग्री महागड्या डिग्रीला खाऊन टाकणार.

जोशुआ गुडमन, ज्युलिया मेल्कर्स आणि अमांडा पॅलेस या तिघांनी दोन्हीकडचे अर्ज तपासले. त्यांचा पेपर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात जे निघालं ते वाचून आपण भारतीयांनी तर गालात हसावं. कॅम्पसला अर्ज करणारा टिपिकल विद्यार्थी कोण? नुकताच डिग्री घेतलेला, चोवीस वर्षांचा, भारतातला! म्हणजे तुमच्या-माझ्या ओळखीतला तो, जीआरई देऊन, एज्युकेशन लोन काढून, दोन मोठ्या बॅगांत लोणच्याची बरणी भरून विमानात बसणारा. आणि ऑनलाइनला अर्ज करणारा? चौतीस वर्षांचा, नोकरीत मुरलेला अमेरिकन. दोन्हीकडे अर्ज करणारे जवळजवळ कुणीच नाहीत.

म्हणजे एका दुकानाने दुसऱ्याचं गिऱ्हाईक पळवलं, असं झालंच नाही. संशोधकांनी पुढे हेही तपासलं की ज्यांना या ऑनलाइन डिग्रीत थोडक्यात जागा मिळाली नाही, ते दुसरीकडे शिकायला गेले का. तर फारसे गेलेच नाहीत! ही डिग्री नसती, तर त्या लोकांनी मास्टर्स केलंच नसतं. नोकरी, घराचे हप्ते, पोरांच्या शाळा सोडून दोन वर्षं कॅम्पसवर कोण जाणार?

पण थांबा. लगेच टाळ्या नकोत. याच ऑनलाइन डिग्रीत सुरुवातीच्या वर्षांत बायकांचं प्रमाण कॅम्पसपेक्षा कमी होतं. वयाची भिंत पडली, नोकरीची पडली, बाईची मात्र तिथेच उभी. असं का?

दार उघडं, उंबरठा उंच

२०११ च्या शेवटी स्टॅनफर्डचा आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा कोर्स सगळ्या जगाला फुकट खुला झाला आणि १ लाख ६० हजार लोकांनी नावं घातली. सगळीकडे एकच फंडा, आता गरिबाचं पोरही स्टॅनफर्डला शिकणार! दोनच वर्षांत युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या संशोधकांनी आपल्या फुकट ऑनलाइन कोर्सेसच्या विद्यार्थ्यांचा सर्व्हे केला. ८३ टक्के लोकांकडे आधीच एखादी डिग्री होती. भारत, ब्राझील, चीन, रशिया, दक्षिण आफ्रिका या देशांतून आलेल्यांपैकी तर जवळपास ८० टक्के आपापल्या देशातल्या सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत शिकलेल्या ६ टक्क्यांमधले. थोडक्यात काय, तर ज्यांच्या ताटात आधीच वाढलेलं होतं, त्यांनाच दुसऱ्यांदा वाढलं गेलं.

कारण 'फुकट' म्हणजे फक्त फी फुकट. त्याशिवाय लागतं इंटरनेट. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५७ टक्के पुरुषांनी आपण कधीतरी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. बायकांमध्ये हा आकडा ३३ टक्के. तेव्हापासून फोन खूप वाढलेत, मान्य. पण घरातला एकुलता एक लॅपटॉप संध्याकाळी कुणाच्या मांडीवर असतो, हे ज्याने-त्याने आपापल्या घरात बघावं.

आणि त्याहून महाग गोष्ट म्हणजे वेळ. २०१९ च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती. घरकाम करणाऱ्या पुरुषांची? ९७. रोजचा तीन तासांहून जास्त फरक! तीन तास म्हणजे एक लेक्चर, एक असाइनमेंट आणि वर एक चहा.

आमच्या नर्सताई तिसऱ्या टर्मला थांबल्या. हुशारी कमी पडली म्हणून नाही, लूप आणि फंक्शन त्यांना माझ्याआधी कळायचे. ग्रुपवर त्यांचा मेसेज यायचा, 'आज नाइट आहे, लेक्चर उद्या बघते.' मग सासूबाईंचं ऑपरेशन झालं. मग परीक्षेच्या रविवारी ड्यूटी लागली आणि बदली द्यायला कुणी मिळालं नाही. ताई अजून आमच्या ग्रुपवर आहेत, सणाला शुभेच्छा पाठवतात. कोर्समध्ये नाहीत.

कॉलेज असतं तर चार दिवस न दिसणाऱ्या मुलीला निदान रूममेटने विचारलं असतं, 'काय गं, बरी आहेस ना?' स्क्रीन विचारत नाही. हार्वर्ड आणि एमआयटीच्या फुकट कोर्सेसमध्ये २०१७-१८ साली नाव घातलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांनीच कोर्स पूर्ण केला होता. बाकीचे सगळे काही आळशी नव्हते. ऑनलाइन वर्गातून माणूस उठून जातो, तेव्हा बाकाचा आवाज होत नाही, इतकंच.

मग उपाय काय?

उपाय आहेत, आणि आपल्याच देशात आहेत. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये प्रोग्रॅमिंग आणि डेटा सायन्सची ऑनलाइन डिग्री सुरू केली. तिथे जेईईचा रँक लागत नाही. काही आठवडे शिकायचं, मग क्वालिफायर परीक्षा द्यायची, पास झालात की आत. वयाची अट नाही. मधेच थांबावं लागलं तर टप्प्यानुसार सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा हातात पडतो. कमी उत्पन्नाच्या घरातल्या, राखीव प्रवर्गातल्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना फीमध्ये सवलत. म्हणजे कॅम्पसवर जे काम नियम करतात, तेच काम इथे प्रवेशाच्या आणि फीच्या रचनेवर सोपवलंय.

भाषेचंही तसंच. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये स्क्रीनवर सगळं इंग्रजीत दिसतं, पण कानात मराठी ऐकू येतं. पायथन, सी, लिनक्स, सगळं दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत. आमच्या एकोणीस वर्षांच्या मेंबरने पहिले धडे तिथेच गिरवले. आणि एमएस-सीआयटी आठवतंय? २००१ मध्ये सुरू झालेल्या त्या कोर्सने गावोगावच्या सेंटरवर माउस धरायला शिकवला. तिथे शिक्षक होते, शेजारी कुणीतरी होतं आणि कॉम्प्युटर स्वतःचा लागत नव्हता. ऑनलाइनवाल्यांनी या तीन गोष्टी नीट बघाव्यात.

'रेग्युलर ओन्ली!'

आता शेवटचा मुद्दा, जो तुमच्या-माझ्या ऑफिसातला आहे. समजा काकांनी, वहिनींनी, कणकवलीच्या दुकानदाराने डिग्री पूर्ण केली. पुढे काय? भरतीच्या कित्येक जाहिरातींत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'फुल टाइम रेग्युलर डिग्री ओन्ली'. यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची डिग्री ही नेहमीच्या डिग्रीच्या बरोबरीची. पण कागदावरची बरोबरी एचआरच्या चाळणीत अडकते. एचआरमधली माझी मैत्रीण म्हणते, 'अगं, एका जागेला हजार अर्ज येतात. कुठेतरी चाळणी लावावीच लागते!' खरं आहे तिचं. पण त्या चाळणीतून नेमकं कोण गळतं, हेही बघायला नको का? चोवीस वर्षांचा राहतो आणि चौतीस वर्षांची जाते.

म्हणून कॉलेज विरुद्ध ऑनलाइन हा वाद मला आता बोअर वाटतो. कॉलेज त्या मुलीसाठी हवं, जिला घरातून बाहेर पडायला, लॅबमध्ये बसायला आणि दार वाजवायला कुणीतरी लागतं. ऑनलाइन त्या माणसासाठी हवं, ज्याला घरातून बाहेर पडताच येत नाही. दोन्ही दारं दोन वेगळ्या माणसांसाठी आहेत. आणि दोन्हींच्या मधल्या फटीत अजून खूप जण उभे आहेत. आजींच्या जन्मतारखेची आठवण ठेवणारं कुणीतरी त्यांच्यातच असणार. त्यांना बाकापर्यंत आणायला कधी मराठी आवाज लागतो, कधी सेंटरवरचा कॉम्प्युटर, तर कधी नुसतं रविवारच्या ड्यूटीला बदली देणारं कुणीतरी.

ॲडमिशनआधी स्वतःला विचारा!

- आठवड्यातले दहा तास खरंच मोकळे आहेत का? ते तास कुणाच्या कामातून निघणार, हे घरी आधीच बोलून घ्या.
- डिग्रीला मान्यता आहे का? यूजीसीच्या नियमांनुसार इंजिनिअरिंगची डिग्री ऑनलाइन देता येत नाही. बीसीए, एमसीए देता येते. 'ऑनलाइन बीटेक'ची जाहिरात दिसली, तर सावधान!
- परीक्षा घरून की केंद्रावर? केंद्र किती लांब? तारखा कळल्या की लगेच रजा टाका.
- मधेच थांबावं लागलं, तर हातात काय पडतं?
- शेजारी कोण बसणार? पहिल्याच आठवड्यात चार जणांचा ग्रुप करा. त्यातलं कुणी आठवडाभर दिसलं नाही, तर मेसेज नको, सरळ फोन करा.